चेल्सीने मातिचला देऊन टाकून पुन्हा विकत का घेतलं? आणि पुतण्याच्या सहा नंबरचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेमान्या मातिच या सर्बियन मिडफिल्डरला (मधल्या फळीतल्या खेळाडूला) लंडनच्या चेल्सी क्लबने 2009 मध्ये स्लोव्हाकियातल्या कोशित्से क्लबकडून सुमारे 15 लाख पौंडांना घेतलं. दीड वर्षात डेव्हिड लुइझ या बचावपटूला आणण्याच्या सौद्यात पैशांवर वरकड म्हणून त्याला पोर्तुगालच्या बेनफिका क्लबला देऊन टाकलं. आणि जानेवारी 2014 मध्ये त्याच खेळाडूसाठी 2 कोटी 10 लाख पौंड मोजून त्याला परत आणलं. विचारणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं असं की हा निव्वळ मूर्खपणा आहे, एवढ्या गलेलठ्ठ पगाराच्या माणसांना समोरचा खेळाडू दिसला कसा नाही? मग शेवटी घरची गोष्ट. पुतण्या सतरा वर्षांचा आहे, उंच, डाव्या पायाचा, लहानपणापासून दहा नंबर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे पुढच्या भूमिकेत खेळलेला. नवे प्रशिक्षक त्याला मागे ओढून सहा नंबरवर, म्हणजे बचावफळीच्या पुढ्यात खेळवतायत. घरात सगळे नाराज, आणि आजोबांच्या मते पोराचं वाटोळं चाललंय. मातिचचं उदाहरण त्याला लागू पडतं का?

माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. मी सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांना शिकवतो, आणि या वयात कोणाची जागा बदलायची आणि कोणाला आहे तिथेच ठेवायचं हे ठरवणं हा कामाचा निम्मा भाग असतो. त्या नजरेने बघितलं तर मातिचच्या बाबतीत भावाचा हिशेब मांडण्याआधी एक गोष्ट बघावी लागते. 2009 मध्ये चेल्सीने घेतलेला मुलगा पुढे खेळणारा, चेंडू पायात घेऊन निघणारा मिडफिल्डर होता. 2014 मध्ये त्यांनी घेतला तो युरोपातल्या उत्तम बचावात्मक मिडफिल्डरांपैकी एक. मधल्या काळात पोर्तुगालमध्ये त्याच्यावर जे काम झालं त्याचे पैसे चेल्सीने भरले.

थोडं मागून सांगतो, कारण तो कुठून आला हे कळल्याशिवाय पुढचं नीट लागत नाही. मातिचचा जन्म 1988 चा, शाबात्सचा. वाढला तो ऊबजवळच्या व्रेलो या खेड्यात. ऊब म्हणजे युगोस्लाव्हियाचा दंतकथा झालेला विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा) द्रागान जायिच याचं गाव, त्यामुळे तिथे फुटबॉलचं वेड नवं नव्हतं. 1999 च्या नाटोच्या हल्ल्यात व्रेलोवर बॉम्ब पडले तेव्हा हा शाळकरी पोर होता. पुढे 2018 मध्ये इंग्लंडमध्ये जर्सीवर पॉपी, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचं लाल फूल लावायला त्याने नकार दिला तेव्हा कारण म्हणून त्याने हेच सांगितलं.

सर्बियात गुणी मुलाचा नेहमीचा रस्ता बेलग्रेडहून जातो. रेड स्टार किंवा पार्टिझानच्या मुख्य संघात यायचं, दोन-तीन हंगाम गाजवायचे आणि मग परदेशी क्लबला विकलं जायचं. तिथल्या क्लबांचा संसारच या विक्रीवर चालतो. सर्बियन बचावपटू विदिच रेड स्टारमधून मॉस्कोला आणि तिथून मँचेस्टरला गेला, तो याच वाटेने. मातिचच्या वाट्याला ती वाट आली नाही. या दोन्ही क्लबांच्या मुख्य संघातून एकही सामना न खेळता तो कोळशाच्या खाणींच्या लाझारेवाक गावातल्या कोलुबारा क्लबकडून खालच्या विभागात खेळला आणि 2007 मध्ये थेट स्लोव्हाकियाला गेला. कोशित्सेने 2009 मध्ये स्लोव्हाक कप जिंकला, तो त्या संघात होता. त्याच उन्हाळ्यात स्वीडनमध्ये 21 वर्षांखालील युरो स्पर्धेत त्याच्या पायाला दुखापत झाली, आणि तशा अवस्थेत तो चेल्सीत दाखल झाला.

आता तेव्हाची चेल्सीची मधली फळी आठवा. लॅम्पार्ड, बालाक, एसियन, डेको, मिकेल. वर प्रशिक्षक आन्चेलोत्ती. त्या हंगामात या संघाने लीगमध्ये 103 गोल केले आणि लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. एकवीस वर्षांचा, दुखापतीतून उठलेला, इंग्रजी फुटबॉलचा वेग न पाहिलेला मुलगा यात बसणार कुठे? मोजक्या सामन्यांत शेवटची काही मिनिटं, एवढंच त्याला मिळालं. पुढच्या हंगामात लोनवर, म्हणजे तात्पुरतं, हॉलंडच्या व्हितेस क्लबला पाठवलं. तिथे तो नियमित खेळला, पण संघ तळाकडे झगडत होता आणि मातिच तेव्हाही मुख्यतः पुढच्याच भूमिकेत होता. जानेवारी 2011 मध्ये चेल्सीला डेव्हिड लुइझ हवा होता, बेनफिका अडून बसली होती, तेव्हा अडीच कोटी युरोंच्या वर मातिचचं नाव कागदावर चढलं. त्या दिवशीच्या माहितीवर मीही बहुधा सही केली असती.

तो घडला तो बेनफिकात, जॉर्ज जेझूस या प्रशिक्षकाच्या हाताखाली. जेझूस हा तऱ्हेवाईक माणूस, ओरडणारा, मैदानाच्या कडेला सतत हातवारे करणारा. पण खेळाडूची जागा ओळखण्यात त्याचा हात धरणारे थोडे. त्याने या लांब ढांगांच्या, 1.94 मीटर उंच दहा नंबरला मागे घेतलं. पहिला हंगाम मातिच हावी गार्सियाच्या मागे बाकावर उठबस करत शिकत होता. मग 2012 च्या ऑगस्टअखेर ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे खेळाडू विकण्या-घेण्याची मुदत, बंद होता होता गार्सिया मँचेस्टर सिटीला गेला. दोन-तीन दिवसांत दुसरा मिडफिल्डर विट्सेल रशियाच्या झेनितला. म्हणजे हंगाम सुरू झाल्यावर बेनफिकाच्या मध्यभागाला भलंमोठं भगदाड पडलं. जेझूसने बाजारात धावाधाव न करता घरातलेच दोघे उभे केले. गार्सियाच्या जागी मातिच आणि शेजारी एन्झो पेरेझ, जो मुळात विंगर होता. जागा बदललेले दोघं शेजारी-शेजारी, आणि त्या जोडीवर संघ युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला.

इथे नशीब होतं का? होतंच. गार्सिया विकला गेला नसता तर मातिच आणखी वर्षभर बाकावर बसला असता आणि कदाचित कंटाळून कुठेतरी निघून गेला असता. पण गार्सिया गेला त्या दिवशी मातिचने ते काम शिकून वर्ष झालेलं होतं, हेही खरं. नुसती जागा रिकामी होऊन भागत नाही.

दहा नंबर आणि सहा नंबर यांत नेमकं काय बदलतं ते सांगतो, कारण पुतण्याचं सगळं यावर आहे. दहा नंबरला चेंडू मिळतो तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ. चेंडू हरवला तर वाईट वाटतं, पण बिघडत फारसं नाही, मागे सात-आठ जण उभे असतात. सहा नंबरला चेंडू मिळतो तो स्वतःच्या सेंटर हाफकडून (मधल्या बचावपटूकडून), बहुतेक वेळा पाठ समोरच्या गोलाकडे असताना. तिथे चेंडू हरवला की तीन पासात गोल. म्हणून चेंडू येण्याआधी मागे कोण आहे हे माहीत असणं ही पहिली अट. मी यासाठी एक साधा सराव घेतो. मुलगा मधल्या वर्तुळात उभा, सेंटर हाफ त्याला पास देतो, आणि पास पायातून सुटताना मुलाच्या पाठीमागे माझा सहकारी लाल किंवा पिवळी बिब (सरावात घालायची बनियन) वर धरतो. चेंडू पायाला लागायच्या आत मुलाने रंग ओरडून सांगायचा. लाल म्हणजे मागे माणूस आहे, एका टचमध्ये परत दे. पिवळी म्हणजे मोकळं आहे, वळ. नव्याने मागे आणलेली मुलं सुरुवातीला हमखास चेंडू थांबवतात, मग मान वळवतात, मग ओरडतात. तेवढ्यात खऱ्या सामन्यात चेंडू गेलेला असतो. काहींची मान महिन्याभरात आपोआप फिरायला लागते. काहींची कधीच फिरत नाही, आणि त्यांना मी पुन्हा पुढे पाठवतो.

दुसरी गोष्ट जास्त अवघड असते, कारण ती स्वभावाची आहे. दहा नंबरच्या पोराला चेंडूकडे धावायची खोड लागलेली असते. सहा नंबरवर आल्यावर तो डावीकडे चेंडू दिसला की डावीकडे पळतो, उजवीकडे दिसला की उजवीकडे, आणि मध्ये सेंटर हाफच्या समोर मैदान उघडं पडतं. त्याला ‘धावू नकोस’ हे शिकवणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नावडतं काम. आईबाप कडेला उभे असतात, त्यांना वाटतं पोरगं आळशी झालं.

तिसरी गोष्ट मात्र अशा मुलांच्या फायद्याची असते. दहा नंबरचं जुनं कसब जात नाही. मातिचकडे बघा. चेंडू हिसकावला की तो आडवा पास देऊन सुटका करून घेत नसे, लांब ढांगा टाकत वीस-पंचवीस मीटर स्वतःच पुढे निघायचा. मुळात बचावाचाच असलेला मिडफिल्डर सहसा हे करत नाही, त्याला ते धाडसच नसतं. जानेवारी 2013 मध्ये पोर्टोविरुद्ध त्याने चेंडू छातीवर घेऊन डाव्या पायाने हवेतच मारलेली व्हॉली त्या वर्षीच्या पुश्काश पुरस्कारात, म्हणजे वर्षातल्या सर्वात सुंदर गोलासाठीच्या पुरस्कारात, दुसरी आली. पहिला नंबर इब्राहिमोविचच्या इंग्लंडविरुद्धच्या ओव्हरहेड किकला मिळाला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

तो हंगाम त्याच्यासाठी विचित्र होता. वैयक्तिक पातळीवर पोर्तुगीज लीगचा सर्वोत्तम खेळाडू. संघाच्या पातळीवर मात्र मे महिन्यात पंधरवड्यात तीन तडाखे बसले. 11 तारखेला पोर्टोच्या मैदानावर भरपाई वेळेत गोल खाऊन लीग निसटली. 15 तारखेला ॲमस्टरडॅममध्ये युरोपा लीगची फायनल, पुन्हा भरपाई वेळेतला गोल. आणि 26 तारखेला पोर्तुगीज कपच्या अंतिम सामन्यात गिमाराइशकडून हार. यातला ॲमस्टरडॅमचा सामना होता चेल्सीशीच, आणि कॉर्नरवर डोक्याने तो गोल मारणारा होता ब्रानिस्लाव्ह इव्हानोविच, म्हणजे मातिचचाच देशबंधू. आठ महिन्यांनी दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये.

आता पैशांचा मुद्दा. चेल्सीने मूर्खपणा केला का? मी अर्धवट हो म्हणेन. 2011 मध्ये त्याला सोडणं समजण्यासारखं होतं. 2014 मध्ये परत घेणं तर उत्तम निर्णय होता, त्यात कमीपणा वाटून न घेता तेव्हाचे प्रशिक्षक मोरिन्यो यांनी तो घेतला हे जास्तच चांगलं. 3 फेब्रुवारी 2014 चा मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना मिळाला तर जरूर बघा. सिटीने तोवर घरच्या मैदानावर लीगमधला प्रत्येक सामना जिंकला होता. चेल्सी 1-0 ने जिंकली, गोल पुन्हा इव्हानोविचचा. पण सामना फिरवला मातिचने. सिटीचा मिडफिल्डर याया टुरेच्या अंगावर न जाता तो दोन पावलं मागे, त्याच्या पासाच्या रेषेत उभा राहतो. अंगावर गेला असता तर टुरे त्याला फिरवून निघून गेला असता. एकदा तर लांबून मारलेला मातिचचा फटका खांबाला लागून परत आला.

चेल्सीला शहाणपण आलं होतं असं मात्र समजू नका. मातिच आला त्याच महिन्यात त्यांनी केव्हिन डी ब्रॉयनला जर्मनीला विकून टाकलं. आणि खरा दोष द्यायचाच असेल तर तो 2017 ला द्या. लीग जिंकल्या-जिंकल्या त्यांनी मातिचला 4 कोटी पौंडांना थेट मँचेस्टर युनायटेडला विकलं आणि जवळपास तेवढ्याच पैशांत मोनाकोच्या बाकायोको या मिडफिल्डरला आणलं. वर्षभरात बाकायोको लोनवर मिलानला गेला. युनायटेडमध्ये मातिच पाच हंगाम खेळला. 2011 चा निर्णय अंधारात घेतलेला होता, 2017 चा भर उजेडात.

या सगळ्यात एक गोष्ट लोक विसरतात. सहा नंबर एकटा चांगला किंवा वाईट नसतो, शेजारी कोण आहे त्यावर तो ठरतो. 2014-15 मध्ये मातिचच्या बाजूला फाब्रेगास हा पास देणारा मिडफिल्डर होता. त्याच्या पासांमुळे चेल्सी जिंकत होती आणि मागची झाडलोट मातिच करत होता. लीग आली. बर्नलीविरुद्ध ॲशली बार्न्सच्या भयानक टॅकलनंतर भडकून त्याला ढकललं म्हणून रेड कार्ड मिळालं आणि लीग कपची फायनल हुकली, तेवढं एक गालबोट. पुढच्याच हंगामात तीच जोडी उघडी पडली. संघाच्या पुढच्या फळीने मागे धावणं बंद केल्यावर दोन संथ पायांच्या माणसांना मधलं मैदान झाकणं शक्यच नव्हतं. 3 ऑक्टोबर 2015 ला साउदॅम्प्टनविरुद्ध मोरिन्योने मातिचला उत्तरार्धाच्या सुरुवातीला आत पाठवलं आणि 28 मिनिटांनी परत बाहेर बोलावलं. चेल्सी 3-1 ने हरली, डिसेंबरात मोरिन्यो गेला. वर्षभराने नवा प्रशिक्षक कॉन्टेने शेजारी कांते या मिडफिल्डरला उभं केलं, मागे तीन सेंटर हाफ ठेवले, आणि हाच मातिच पुन्हा लीग विजेता. एप्रिल 2017 मध्ये टॉटेनहॅमविरुद्ध एफए कपच्या उपांत्य सामन्यात लांबून मारलेला त्याचा गोल तुम्ही पाहिलाच असेल. तीन वर्षांत मातिच बदलला नव्हता. त्याच्या आजूबाजूची माणसं बदलत होती.

पुढचं पटकन सांगतो. सर्बियाकडून 48 सामने, त्यात 2018 चा विश्वचषक. 2020 मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्ती. मोरिन्योच्या मागे 2022 मध्ये रोमाला, 2023 मध्ये पुन्हा एक युरोपा लीगची फायनल, या वेळी सेव्हिलाकडून पेनल्टींवर हार. मग फ्रान्समध्ये रेन, लिओन, आणि 2025 मध्ये वयाच्या 37 व्या वर्षी इटलीत सासुओलो. हा शेवटचा तपशील घरी आजोबांना जरूर सांगा. पुढे खेळणाऱ्याचे पाय तिशीनंतर बोलायला लागतात. जागा धरून उभं राहायला शिकलेला माणूस त्यानंतरही बरीच वर्षं कामाचा राहतो.

पण म्हणून पुतण्या मातिच होईल असं मी म्हणणार नाही. उंच आहे आणि संथ आहे एवढ्यावरून सहा नंबर बनत नाही. बरेच प्रशिक्षक पुढे जागा नाही म्हणून मुलाला मागे ढकलतात आणि त्याला ‘नवी भूमिका’ असं नाव देतात. तुमच्याकडे यातलं काय चाललंय ते मला इथे बसून कळणार नाही. ते तुम्ही प्रशिक्षकांनाच विचारा, भांडायला म्हणून नको. सरळ विचारा की सर, याच्यात तुम्हाला काय दिसलं? ‘हा आधी बघतो’, ‘याला चेंडू कुठे पडणार ते कळतं’ असं काही ते म्हणाले तर पोराला निदान एक पूर्ण हंगाम तिथे खेळू द्या. ‘उंची चांगली आहे, हेडर मारेल’ एवढंच उत्तर आलं तर मला शंका आहे. शेजारी कोणाला खेळवताय तेही विचारा. दोन संथ मुलं शेजारी उभी केली असतील तर दोघांनाही शिव्याच पडणार, आणि त्यात पोराचा दोष नसेल.

शाळेच्या किंवा गल्लीच्या संघात तो अजून दहा नंबर खेळत असेल तर ते बंद करू नका. जुनं कसब जिवंत राहिलं तरच नव्या जागेवर ते कामाला येतं.

आणि क्लब बदलायची घाई नको, तशीच चिकटून राहायचीही जबरदस्ती नको. याला ठरलेलं उत्तर नाही. इव्हानोविच 2008 च्या जानेवारीत चेल्सीत आला, तो हंगाम संपेपर्यंत त्याला एकही सामना मिळाला नाही, तरी तो थांबला आणि नऊ वर्षं खेळला. मातिच थांबला असता तर कदाचित कुजला असता. फरक एवढाच की इव्हानोविचला जे काम येत होतं तेच चेल्सीला हवं होतं, त्याची पाळी यायची बाकी होती. मातिचला अजून काम शिकायचं होतं, आणि ते शिकवायला तिथे कोणाला वेळ नव्हता. तुमच्या पुतण्याला सध्या कोणीतरी वेळ देतंय, हे लक्षात घ्या.

एक काम मात्र या रविवारीच करा. सामन्याला गेलात की चेंडू बघू नका, फक्त पोराची मान बघा. सेंटर हाफच्या पायात चेंडू असताना तो खांद्यावरून मागे नजर टाकतो का, आणि किती वेळा. मोबाइलवर शूटिंग करून पाठवलंत तर मीही बघून सांगेन. पण सबंध अर्ध्याचं पाठवा, आणि कॅमेरा त्याच्यावरच ठेवा. गोलांचे कापलेले तुकडे पाठवू नका, सहा नंबरचं काम त्यात दिसत नाही.